पिवळी बरी आहे

प्रिय ताई,

दुकानाच्या पत्त्यावर पत्र आलेलं बघून मालकीणबाई तुला चिडवतील. 'काय गं, प्रेमपत्र का?' म्हणतील आणि हातातला कंगवा नाचवत सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतील. सांगू देत. घरी पाठवलं असतं तर तू सवयीने ते बाबांसमोर मोठ्याने वाचायला घेतलं असतंस, आणि हे पत्र त्यांच्यासमोर वाचण्यासारखं नाही. आत्या घरी येऊन बसते तेवढी दुपार तुझी असते, तेव्हा वाच. कोपऱ्यातल्या त्या मोडक्या खुर्चीत बस, जिच्यावर गिऱ्हाईक बसवत नाहीत. आधी चहा घे. फोन का नाही केलास, असं विचारशील. फोनवर चार वाक्यं झाली की तू 'थांब हं, बाबांना देते' म्हणतेस. मग पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येतो, आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. कागदावर निदान मधे कोणी फोन घेत नाही.

काल आत्याचा फोन आला होता. बागेजवळच्या त्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात पुन्हा एक खोली रिकामी झाली आहे, तिथल्या व्यवस्थापक बाईंनी तुला शुक्रवारपर्यंत हो की नाही सांगायला सांगितलं आहे, आणि तू नाही म्हणणार आहेस, हे सगळं मला तिच्याकडून कळलं. आत्या खूश होती. म्हणाली, 'तुझ्या बहिणीने एका वाक्यात निकाल लावला बघ. धाकटीचं औषध येईपर्यंत बाबा घरातच राहतील, म्हणाली. मी म्हटलं, शाबास! पोटच्या पोरींनी बापाला बाहेर ठेवलं असं लोकांनी म्हणायला नको.' मी हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर हात धुतले, का ते माहीत नाही, आणि पुन्हा धुतले. ताई, नाही म्हणू नकोस. निदान हे पत्र वाचून संपेपर्यंत तरी नको.

मी इथे नोकरीला लागले तेव्हा तू विचारलं होतंस, 'म्हणजे नेमकं करतेस काय तिकडे?' मी मोठमोठे शब्द काढायला लागले, तशी तू म्हणालीस, 'मला गिऱ्हाईक समजून सांग.' तेव्हा मी तुमच्या दुकानातल्या बेसिनचं उदाहरण दिलं होतं. एकेक केस वाहून जातो, त्याचं काही नाही. पण एखादा जाळीत अडकला की दुसरा त्याला बिलगतो, मग तिसरा, आणि बघता बघता बोळा होऊन पाणी तुंबतं. मेंदूत एक प्रथिन असतं, एरवी निमूट आपलं काम करणारं. त्याची घडी बिघडली की ते शेजारच्याला चिकटतं, त्यांचे धागे होतात, धाग्यांचे गुंते होतात, आणि ज्या पेशीत गुंता होतो ती हळूहळू मरते. आम्ही असा लहान रेणू शोधतो, जो त्या गुंत्यात शिरून तो सोडवेल. लहान अशासाठी की मेंदूच्या दारावर कडक पहारा असतो. मोठ्या औषधांना तिथे सहसा आत घेत नाहीत, लहान रेणू मात्र गोळी गिळली की रक्तातून जाऊन पहारेकऱ्याच्या काखेखालून आत सटकू शकतो. तू म्हणालीस, 'म्हणजे एवढं शिकून शेवटी बेसिनच साफ करणार तू!' बाबांचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, पण जुनं सगळं लख्ख होतं. ते म्हणाले, 'बेसिन काय घेऊन बसलात? लिफ्टच्या खड्ड्यात काय काय पडतं ते मला विचारा.' आणि मग जन्मभर लिफ्ट दुरुस्त करताना त्या खड्ड्यांतून काढलेल्या वस्तू सांगत बसले. किल्ल्या, चष्मे, कोणाची तरी कवळी, आणि एक जिवंत मांजर, जिने त्यांना ओरबाडलं होतं. तू हसता हसता खाली बसलीस. त्या दिवसासारखं हसताना मी तुला त्यानंतर पाहिलेलं नाही.

आपल्या घरातली पहिली पदवी माझी. झगा घातलेला तो फोटो बाबांनी भिंतीवर लावला तेव्हा ओळंबा धरून लावला होता, आठवतं ना? आईच्या फोटोलाही एवढी खटपट केली नव्हती. त्यानंतर ज्या ज्या इमारतीत ते कामाला गेले तिथे लिफ्टमध्ये शिरणाऱ्या माणसाची सुटका नसे. 'आमची धाकटी मेंदूचं औषध करते.' अनोळखी माणूस सहाव्या मजल्यावर उतरेपर्यंत त्याला माझे गुणसुद्धा पाठ झालेले असत. मी वरवर लाजायचे. पण ताई, मला ते आवडायचं. इतकं आवडायचं की बाबांचा आजार कळला तेव्हा रडून झाल्यावर माझ्या मनात जो पहिला विचार आला तो असा की बरं झालं, मी नेमक्या याच कामात आहे. बरं झालं! असा शब्द मनात यावा याचीच मला आता लाज वाटते.

आता पिवळीबद्दल. घरात तिच्याबद्दल इतकं बोललो आपण, पण ती मुळात काय होती ते मी कधी धड सांगितलंच नाही. आमच्याकडे छोट्या खळग्यांच्या तबकड्या असतात. प्रत्येक खळग्यात ते प्रथिन घालायचं, त्यात एक नवा रेणू, आणि एक असं रंगद्रव्य जे गुंत्याला चिकटलं की चमकतं. वरून निळा प्रकाश सोडायचा आणि चमक मोजायची. चमक जास्त म्हणजे गुंते जास्त, अंधार म्हणजे गुंते नाहीत. माझ्या तबकड्या महिनोन् महिने लखलखत होत्या. कोणताच रेणू गुंत्याला धक्का लावत नव्हता. आणि एका सकाळी एका खळग्यात अंधार दिसला. त्यात घातलेला रेणू लिंबाच्या सालीसारखा पिवळाधमक होता. त्याचं खरं नाव उच्चारायला दमायला होतं, म्हणून मी त्याला पिवळी म्हणायला लागले.

माझ्या शेजारच्या बाकावर एक सहकारी बसतो. त्याला सगळे शंकासुर म्हणतात, कारण तो उकळत्या पाण्यालाही 'तू गरम आहेस का?' असं विचारेल. तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, 'रंगीत आहे बरं का हे. जपून. आधी तयार गुंत्यात टाकून बघ.' म्हणजे असं की रंगीत रेणू कधी कधी गुंत्याला हातही लावत नाही, नुसता प्रकाश गिळतो, आणि आपल्याला वाटतं गुंता गेला. ते ओळखायची रीत सोपी आहे. गुंते आधी होऊ द्यायचे, मग त्यात तो रेणू टाकून लगेच चमक मोजायची. एका दुपारचं काम. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलांनाही ते शिकवतात. मी त्याला म्हटलं, 'करते.' आणि केलं नाही. त्याऐवजी मी पहिलीच चाचणी पुन्हा पुन्हा केली, कारण दर वेळी अंधार यायचा आणि दर वेळी मला तोच आनंद व्हायचा. लोक मला कष्टाळू समजत होते. आमच्या प्रमुख बाई तेव्हा परगावी होत्या. त्या असत्या तर त्यांनी पहिल्याच दिवशी ती चाचणी करून घेतली असती. त्या नव्हत्या, आणि मी संध्याकाळी तुला फोन केला.

तू किंचाळलीस. मग बाबांना ओरडून सांगितलंस, 'बाबा, धाकटीला औषध सापडलं! पिवळी नाव आहे तिचं!' मागून त्यांचा आवाज आला, 'पिवळी? कोणाची पोर?' आणि आपण दोघी हसलो. आत्या तिथेच होती, ती म्हणाली, 'पी हळद नि हो गोरी असं असतं का कुठे? उगीच हुरळून जाऊ नका.' मला तिचा राग आला होता. एवढ्या सगळ्या गोंधळात शहाणपणाचं वाक्य फक्त तिचं होतं, आणि मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय!

त्याच आठवड्यात बागेजवळच्या घरात पहिली खोली रिकामी झाली. त्याआधी तू बाबांना घेऊन ते घर बघून आली होतीस. तुला ते आवडलं होतं, तुझ्या आवाजावरूनच कळत होतं. स्वच्छ आहे, मागे झाडं आहेत, सांभाळणाऱ्या बायका ओरडून बोलत नाहीत, असं सांगत होतीस. मग थांबलीस आणि म्हणालीस, 'पण बाबांना टाकून दिल्यासारखं वाटलं तर? तू शिकलेली आहेस, तू सांग.' ताई, तू मला विचारलंस. मी तेव्हा काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, 'थांब. आपल्या माणसांत मेंदू जास्त टिकतो. दोन-तीन वर्षं कळ काढ, मग औषध येतंच आहे.' दोन-तीन वर्षं! मला पक्कं माहीत होतं की तबकडीनंतर पेशी, पेशींनंतर उंदीर, उंदरांनंतर माणसं, आणि या वाटेवर बहुतेक रेणू गळून पडतात. पिवळी अगदी खरी निघाली असती तरी बाबांच्या हातात गोळी पडेपर्यंत दहा वर्षं सहज गेली असती. हे माहीत असूनही मी ते बोलले. तू लगेच म्हणालीस, 'ठीक आहे, तू म्हणतेस तर.' खोली दुसऱ्या कोणाला तरी गेली.

बाई परत आल्या, त्यांनी माझी तबकडी पाहिली, रंग पाहिला, आणि फक्त भुवई उचलली. दुसऱ्या दिवशी मी तयार गुंत्यांत पिवळी टाकली. चमक त्याच क्षणी गेली. अगदी त्याच क्षणी, दिव्यासमोर पिवळा कागद धरावा तशी. घट्ट गुंता क्षणात सुटत नसतो हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी माझी आशा मरेना. मग आम्ही ते मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धागे सगळेच्या सगळे तिथे होते, एकमेकांत पाय अडकवून शांत पडलेले. पिवळीने एकालाही हात लावला नव्हता. ती फक्त मधे उभी राहिली होती, आणि तिच्यामुळे मला पलीकडचं दिसत नव्हतं.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, 'होतं असं. माझंही झालं होतं तुझ्या वयात. नीट लिहून ठेव म्हणजे दुसरा कोणी यात वेळ घालवणार नाही, आणि पुढच्या रेणूकडे वळ.' शंकासुराने तर मला बिस्किटं आणून दिली. इथे ती एवढीच गोष्ट होती, थोडा वेळ वाया गेला आणि चार बिस्किटं खाल्ली. मी माझ्या खोलीवर गेले, पलंगाच्या कडेला बसले, आणि मला इथली तबकडी दिसेना, आपल्या घराचं पुढचं दार दिसायला लागलं, ज्यातून मी औषध घेऊन आत शिरणार होते.

त्यानंतरच्या रविवारी तुझा फोन आला. मी ठरवून बसले होते. पण तू आधी तुझंच सांगितलंस. बाबा समोरच्या इमारतीत जाऊन तिथल्या लिफ्टच्या बटणांची पट्टी खोलत होते, तिथल्या रखवालदाराने त्यांना चोर समजून धरलं, तू घरातल्या चपलांवर धावत गेलीस, आणि तो म्हणाला, 'अहो, यांनी अडकणारं दार चांगलं केलं, पण आता पट्टी परत बसवत नाहीत.' तू हसत सांगत होतीस, मधेच हसू थांबलं. मग बाबांनी फोन घेतला. माझं नाव त्यांना आलं नाही. थोडा वेळ शोधलं त्यांनी, आणि मग अगदी आपुलकीने विचारलं, 'पिवळी कशी आहे?' मी म्हणाले, 'बरी आहे, बाबा.' पुढच्या रविवारीही म्हणाले. त्याच्या पुढच्याही. नावं गेली, वार गेले, जेवण झालं की नाही ते गेलं, पण पिवळी राहिली. दर रविवारी एखाद्या आजारी भाचीची चौकशी करावी तशी ते तिची चौकशी करत आणि मी मेलेल्या पोरीची खुशाली सांगत राहिले.

मागच्या महिन्यात घरी आले ती हे तोंडाने सांगायलाच. दार उघडलंस तेव्हा मी तुला क्षणभर ओळखलं नाही. तुझे केस! सगळ्या गावाचे केस कापणारी तू, आणि तुझेच मागून वाकडेतिकडे. 'न्हाणीघरात मीच कापले, आरशात मागचं दिसतं कुठे?' म्हणालीस. मग मला तुझी गादी दिसली, पुढच्या दाराला आडवी लावलेली. मी विचारलं तर म्हणालीस, 'आत उकडतं गं, इथे वारा येतो.' बंद दाराच्या फटीतून कसला वारा येतो, ताई? बाहेर जायचं तर बाबांना तुला ओलांडून जावं लागावं म्हणून तू तिथे झोपतेस, हे मला कळलं, आणि मला कळलंय हे तुलाही कळलं. आपण दोघींनी पावाला लोणी लावायला सुरुवात केली. दुकानाचं विचारलं तर म्हणालीस, मालकीणबाई थकल्यात, खुर्च्या तुझ्या हवाली करून मोकळं व्हायचं म्हणतात, पण तुला आता दुपारपुरतंच जमतं, त्यामुळे त्या दुसरी कोणी बघताहेत. एवढं सांगून तू पटकन म्हणालीस, 'पण थोडेच दिवस आहेत ना, पिवळी आली की झालं.' त्या क्षणी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात पाव होता. मी तो चावत राहिले, फार वेळ.

मी वाईट मुलगी आहे असं मला वाटत नाही, आणि तू तसं म्हणूही देणार नाहीस. मी हे काम मनापासून करते. पिवळीनंतर मी दुसऱ्या रेणूंवर काम करते आहे, त्यातले बरेच बिनरंगी आहेत, आणि प्रत्येकाची ती दुपारची चाचणी मी सगळ्यात आधी करते. माझा अजूनही विश्वास आहे की औषध येईल. लहान रेणूचं असेल, साधी गोळी असेल, आणि कोणाची तरी बहीण ती पाण्याबरोबर देईल. पण ते बाबांसाठी येणार नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. बाबांसाठी येणार नाही, ताई. मला औषध हवं होतं हे खरं, पण ते घेऊन घरात शिरणारी मी असावी हे मला त्याहून जास्त हवं होतं. भिंतीवरच्या त्या फोटोला शोभेल असं काहीतरी. त्यासाठी बाबांनी घरात माझी वाट बघत बसावं आणि तू दाराशी झोपावंस, असा याचा अर्थ होतो हे मी स्वतःला कळू दिलं नाही. जे माणूस रोज सांभाळतं त्याला घाई असते. मला घाई नव्हती. मी रविवारी फोन करत होते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते, आणि ते पिवळीबद्दल नाही. त्या मुक्कामात तू मला आणि बाबांना खाली पाव आणायला पाठवलं होतंस. आम्ही खूप उशिरा आलो, तू घाबरली होतीस, आणि मी सांगितलं की लिफ्ट अडकली होती. लिफ्ट अडकली नव्हती. बाबांनी कामाचं जुनं जाकीट घातलं होतं, खिशात पेचकस होता. लिफ्टमध्ये शिरताच ते वेगळेच झाले, ताठ उभे राहिले, भिंतीला कान लावला, आणि खालच्या ऐवजी वरचं बटण दाबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'नवीन राहायला आलात वाटतं? कितव्या मजल्यावर?' बाबा मला अहो-जाहो करत होते. ते थट्टा करताहेत असं आधी वाटलं. मग त्यांचे डोळे बघून मी म्हणाले, 'सातव्या.' ते म्हणाले, 'मला दोन मुली आहेत. थोरली केस कापते. फार थकलीय हो. दाराशी झोपते, मी बाहेर जाईन म्हणून. मला दिसतं, पण मी न दिसल्यासारखं करतो, तिला वाईट वाटेल.' लिफ्ट चालली होती. 'तिकडे बागेजवळ एक घर आहे, मला घेऊन गेली होती. बरं आहे. एकमजली. लिफ्टच नाही! म्हटलं चला, सुट्टी मिळेल. मी जाणारच होतो. पण धाकटी आमची औषध करते ना मेंदूचं. मी तिकडे गेलो तर तिला वाटेल, बापाचा आपल्यावर भरवसा नाही. पोर आहे अजून. म्हणून राहिलो.' सातवा मजला आला. त्यांनी एका हाताने दार धरून ठेवलं आणि म्हणाले, 'या. पायाखाली बघून.' मी उतरले. दार बंद झालं, आणि मी जिन्याने धावत खाली आले तेव्हा ते तळमजल्यावर उभे होते. मला बघून म्हणाले, 'धाकटे, किती वेळ गं? पाव संपतील.'

ताई, औषध येणार नाही हे कळल्यावरही, त्यांना टाकून दिल्यासारखं वाटेल या भीतीपायी तू शुक्रवारी नाही म्हणशील. त्यांचा होकार केव्हाचा आहे. मी तो तुझ्यापर्यंत येऊ दिला नाही, कारण तो सांगायचा तर ते कोणासाठी राहिले तेही सांगावं लागलं असतं. आज तो तुला देते आहे. शुक्रवारी हो म्हण. शनिवारी मी येते, त्यांची पिशवी मी भरेन, हात धरून मी नेईन, आणि आत्या जे काही बोलेल ते माझ्यासमोर बोलू दे. तुझे मागचे केसही मी सारखे करेन, मला जमतील तसे. त्याआधी फोन केलास आणि बाबांनी पिवळीचं विचारलं, तर या वेळी मी त्यांना सांगणार आहे की तिची वाट बघू नका, बाबा, धाकटीला काही वाटणार नाही, तुम्ही खुशाल सुट्टी घ्या.

तुझीच,
धाकटी